सामान न्यायला येतील

होस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, एकच रात्र का? मी म्हटलं, हौ, एकच, आणि तीही लागेलच असं नाही. संध्याकाळी माझा भाऊ येईल सामान न्यायला. मुलगी हसली, माझं आधार कार्ड बघितलं, गळ्यात अडकवायचं एक कार्ड दिलं आणि सांगितलं की हे टेकवलं की खोलीचं दार उघडतं, हरवू नका. साठी ओलांडलेली बाई एकटी तिथे उतरायला आली याचं तिला नवल वाटलंच असणार, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. चांगल्या वळणाची पोरगी होती.

मला स्वतःलाच नवल वाटत होतं. आयुष्यात मी होस्टेलवर राहिले नव्हते. लग्नानंतर उज्जैनला बी.एड. केलं तेही रोज देवासहून बसने जाऊन-येऊन, संध्याकाळी परत येऊन पोळ्या लाटायच्या. आणि आता निवृत्त झाल्यावर पुण्याच्या बड्या लोकांच्या वस्तीत, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, आठ बायका-मुलींच्या खोलीत, दोन मजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर. पलंगाला पडदा. पडद्याच्या आत एक दिवा, एक खुंटी आणि फोन चार्ज करायची जागा. मी आत बसून पडदा ओढून पाहिला, परत उघडला, परत ओढला. चेष्टाच आहे सगळी, असं मनात म्हटलं आणि मोठी बॅग पलंगाखाली ढकलली. कुलूप लावलेलंच ठेवलं. उघडून करायचं काय, संध्याकाळी उचलायचीच होती.

आता हे सामानाचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फिरलं होतं असं वाटेल.

माझं माहेर धारचं. बाबा तिथे कचेरीत कारकून, तळ्याजवळ आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. आमचे लोक कधीकाळी मराठ्यांच्या राज्याबरोबर माळव्यात आले आणि राहिले ते राहिलेच, पण महाराष्ट्रातली नातीगोती सुटली नाहीत. आणि प्रत्येक नातेवाइकाला आयुष्यात एकदा मांडू बघायचं असायचं. मांडूला जायचं तर धारला उतरावं लागतं, पुढे नालछ्यावरून रस्ता. म्हणजे थंडी पडली की आमच्याकडे पाहुण्यांची रांग. पण यायची एक रीत होती. पाहुणे आधी बसस्टँडजवळच्या धर्मशाळेत सामान टाकायचे, तोंड धुवायचे आणि मग हात हलवत आमच्याकडे यायचे. चहा घेता घेता म्हणायचे, आमची उतरायची सोय झाली आहे हां, तुम्ही काही त्रास घेऊ नका. बाबा हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. चहा संपवायचे, टोपी घालायचे, सायकल काढायचे आणि धर्मशाळेत जाऊन त्यांची वळकटी आणि ट्रंक घेऊन यायचे. पाहुणे म्हणायचे, अहो कशाला, अहो कशाला. आईने तोवर तांदूळ जास्तीचे धुतलेले असायचे. सोय झाली आहे याचा अर्थ काय, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ, आम्हाला घेऊन चला.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो सायकलच्या मागून कॅरिअरवरची ट्रंक दोन्ही हातांनी धरून चालत यायचा, पडू नये म्हणून. घामाघूम होऊन यायचा आणि पाहुण्यांसमोर मिरवायचा. मला हे दृश्य इतकं पाठ आहे की डोळे मिटले तरी सायकलच्या चेनचा आवाज येतो.

याला अपवाद एकच, आमची आत्या. ती सतवासला दिलेली. दोन-तीन बस बदलून, दिवसभर धूळ खात यायची आणि धर्मशाळेचं नावही न घेता थेट दारात सामान आदळायची. मग पदर खोचून स्वयंपाकघरात. आई म्हणायची, वन्सं, कळवायचं तरी. तोवर आत्या वरणाची चव घेऊन मीठ कमी आहे असं जाहीर करून मोकळी. आईला तिचा राग यायचा आणि ती गेली की आठवडाभर घर सुनं वाटायचं. आम्ही मुलं तिची नक्कल करायचो, भाऊ फार छान करायचा.

तर तो भाऊ आता पुण्यात. इंदूरला शिकला, नोकरीसाठी गेला, तिकडेच फ्लॅट, तिकडचीच बायको. स्वभावाने लहानपणापासून घुमा. बाबा आधीच गेले होते. आई धारच्या त्या दोन खोल्यांत एकटी राहिली आणि दोन वर्षांपूर्वी गेली. तेराव्यानंतर भावाने तीन दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या, घरमालकाला चावी दिली आणि तो पुण्याला निघून गेला. मी देवासला परत आले. भाड्याची जागा, कधीतरी सोडायचीच होती, मला काय ते कळत नव्हतं? पण त्या चावीपाशी मला असा काही राग आला की मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. तोही बोलला नाही. मग सणावारी फोन, कसं आहे, बरं आहे, एवढंच उरलं.

मला मूलबाळ नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. देवासला माणसं आहेत, शेजार आहे, रस्त्याने निघाले तर माझे जुने विद्यार्थी गाडी थांबवून मॅडम सोडू का म्हणतात. पण गेल्या दिवाळीत भाऊबीजेला पाट मांडून बसले आणि फोनवरच ओवाळणी झाली, तेव्हा मनात आलं की आता आपल्याला जायला घर कुठलं? धार तर गेलं. माझं माहेर कुठे उरलंय का, एवढंच मला बघायचं होतं. पण असं कुणाला विचारता येतं का? फोन करून म्हणायचं, काय रे, मला माहेर आहे का?

थंडीत एका शिक्षिका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न पुण्यात निघालं, तेव्हा बहाणा मिळाला. मी भावाला फोन केला आणि म्हटलं, येते आहे लग्नाला. आणि जिभेवर आपोआप आलं, उतरायची सोय झाली आहे, तू काही त्रास घेऊ नकोस.

 मग तो म्हणाला, बरं. कुठे?

मी होस्टेलचा पत्ता सांगितला. हे तर आमच्या मागच्याच गल्लीत आहे, तो म्हणाला. हो का, मी म्हटलं, मला काय ठाऊक. चांगलंच ठाऊक होतं. शेजारच्या भियाला, म्हणजे तरुण पोराला, समोर बसवून मी मोबाईलवर नकाशा काढायला लावला होता आणि भावाच्या बिल्डिंगपासून सगळ्यात जवळचं स्वस्त ठिकाण शोधलं होतं. जवळ असलं म्हणजे सामान न्यायला सोपं, हा माझा हिशेब. कपडे बदलायची एक हातपिशवी वेगळी भरली आणि मोठ्या बॅगेत तळाशी दोन मोठे गराडू.

माळव्याबाहेरच्यांना गराडू माहीत नसतो. जमिनीतला कंद, दिसायला लाकडाचा ओंडका. थंडीत येतो. सोलून तुकडे करायचे, दोनदा खरपूस तळायचे, वर मसाला भुरभुरायचा आणि लिंबू पिळायचं. भाऊ लहानपणी कढईशेजारून हलायचा नाही. माझ्या मनात चित्र तयार होतं. मी त्याच्या स्वयंपाकघरात उभी आहे, गराडू तळते आहे आणि तो शेजारी उभा राहून गरम तुकडा तोंडात टाकून हाहाहू करतो आहे. एवढ्यासाठी ते दोन ओंडके मी देवासहून रात्रभर वाहून आणले.

पहिल्या संध्याकाळी चालत त्याच्या बिल्डिंगपाशी गेले. फाटकावर वॉचमनने अडवलं आणि विचारलं, गेस्ट का? मी म्हटलं, हौ, गेस्ट. त्याने वर फोन लावला.

भाऊ खाली घ्यायला आला. केस बरेच पिकले होते, बाबांसारखा दिसायला लागला होता. मला एकदम भरून आलं, पण त्याने वाकून नमस्कार केला आणि लिफ्टचं बटन दाबलं, मग मीही लिफ्टकडे बघत राहिले. वहिनीने छान केलं सगळं. चहा, मग जेवायला मटार-उसळ, गोड म्हणून बासुंदी. घर स्वच्छ, शांत. बैठकीच्या पलीकडे एक खोली होती, दार अर्धं उघडं, आत पलंगावर कोरी चादर आणि पायथ्याशी घडी घालून ठेवलेली रजई. कुणीतरी यायचं असेल यांच्याकडे, मला वाटलं. विचारावं असं मनात आलं, पण विचारलं नाही.

वहिनी म्हणाली, ताई, कशी आहे जागा? मी म्हटलं, छान आहे, जरा कोंदट वाटतं इतकंच. भाऊ म्हणाला, एसी नाही का? आहे ना, मी म्हटलं. थोड्या वेळाने म्हटलं, आठ जणी आहेत खोलीत, रात्री एखादी घोरतेच. वहिनी म्हणाली, अगं बाई. भावाने ताटातली कोशिंबीर इकडून तिकडे केली. मी आणखी एक खडा टाकून पाहिला, वरच्या पलंगावरची हलली की माझ्या डोक्यावर करकर होते. तर भाऊ म्हणाला, इअरप्लग मिळतात, देऊ का? हसावं की रडावं. मी म्हटलं, राहू दे, मी शाळेत चाळीस वर्षं काढली आहेत.

जेवणानंतर तो मला होस्टेलच्या फाटकापर्यंत सोडायला आला. तिथे उभा राहून त्याने वर बंगल्याकडे बघितलं. बघतच राहिला. आता म्हणेल, आता म्हणेल, असं मला वाटत होतं. मी मुद्दाम कार्ड पिशवीत शोधायचं नाटक केलं, त्याला वेळ मिळावा म्हणून. तो म्हणाला, चल ताई, उद्या लग्नानंतर ये. आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर गेले. मुलीने विचारलं, आंटी, भाऊ आले नाहीत का? कामात आहे, मी म्हटलं, आज येईल. अजून एक रात्र लिही.

लग्न लागलं, अक्षता टाकल्या, जेवले. हॉलवर सगळे आपापल्या घोळक्यात. परत येताना रिक्षावाला माझं मराठी ऐकून हिंदीत सुरू झाला. मी हट्टाने मराठी बोलत राहिले, तो हट्टाने हिंदी. देवासला लोक मला मराठी मॅडम म्हणतात आणि इथे मी हिंदीवाली. जाऊ दे, म्हटलं, आपण कुठल्याच पाटीखाली बसत नाही. संध्याकाळी भावाकडे गेले, जेवले, परत आले. फाटकापर्यंत सोडणं तसंच, वर बघणं तसंच.

त्या भागात दिवसा फिरायला गेले की मला फार एकटं वाटायचं. रस्ते सुंदर, दोन्हीकडे मोठी झाडं, झाडांच्या बुंध्यांना नावांच्या पाट्या. पण खिडकीत कुणी नाही, ओट्यावर कुणी नाही, ओटेच नाहीत. कुत्र्यांना फिरवणारी माणसं दिसायची, कानात तारा घालून. मी एका बाकावर तासभर बसले होते आणि कुणीही मला, काय मावशी, कुणाकडे आलात, असं विचारलं नाही. देवासला देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर दम खायला थांबले तरी चार जण विचारतात, पाणी देऊ का. त्यांचा मला वैताग येतो एरवी. तिथे बाकावर बसून मी त्या वैतागाची वाट बघत होते.

होस्टेलमधल्या मुली वाईट नव्हत्या. दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायच्या, मला बघून हसायच्या, एकीने नूडल्सही देऊ केल्या. पण त्या रोज बदलायच्या. सकाळी जिच्याशी चार शब्द बोलावे ती दुपारी पाठीला पिशवी लावून चालू पडायची. खाली सगळ्यांसाठी स्वयंपाकघर होतं. मनात आलं, चार तुकडे इथेच तळावेत आणि डब्यात घालून न्यावेत. पण भिंतीवर मोठी सूचना, तळण करू नये. बरंच झालं. डब्यात घालून नेला असता तर तो पाहुणीने आणलेला खाऊ झाला असता. मला त्याच्या कढईत तळायचा होता.

तिसऱ्या दिवशी माझं डोकं सटकलं. गेलेच नाही त्याच्याकडे. पडदा ओढून पडून राहिले. संध्याकाळी त्याचा फोन, आली नाहीस? मी म्हटलं, बरं नाहीये, अंग कसकसतंय. खोटं नव्हतं अगदी, मनाचं कसकसणं अंगात उतरतंच. आणि मनात म्हटलं, आता तर येईल. बहीण आजारी, मागच्या गल्लीत पडलेली, आता कसा येणार नाही? मी उठून केस विंचरले. हातपिशवी भरली. चपला पलंगाखालून काढून समोर ठेवल्या.

वीस मिनिटांनी काउंटरवरची मुलगी वर आली. तिच्या हातात कागदी पिशवी. आंटी, तुमचं पार्सल आलंय. आत तापाच्या गोळ्या, संत्र्याच्या चवीची साखर-मिठाची पुडी आणि डब्यात गरम मुगाची खिचडी. भावाने मोबाईलवरून मागवली होती. पाठोपाठ त्याचा मेसेज, गोळी घे, आराम कर, काही लागलं तर सांग.

मी पडद्याच्या आत बसून ती खिचडी खाल्ली आणि रडले. चांगली होती खिचडी, त्याचाही राग आला. आपल्याला माहेर नाही हे आता कळलं ना, मी स्वतःला म्हटलं, हेच बघायला आली होतीस ना, बघितलंस. वरच्या पलंगावरच्या मुलीने हळूच विचारलं, आंटी, आर यू ओके? मी म्हटलं, सर्दी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी. इंदूरची गाडी देवासला थांबते, तेवढं एक सुख. भावाचा फोन आला की मी स्टेशनवर सोडायला येतो. मी नको म्हटलं नाही, त्राणच नव्हतं. बॅग पलंगाखालून ओढली. जशी आणली तशीच, कुलूपही तसंच. खाली आणून काउंटरपाशी ठेवली आणि कार्ड परत केलं.

तेवढ्यात भाऊ आत आला आणि त्याने वाकून बॅग उचलली. काउंटरवरची मुलगी खुलली. म्हणाली, आंटी, हेच ना तुमचे भाऊ? मग त्याच्याकडे वळून म्हणाली, सर, आंटी पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, भाऊ सामान न्यायला येणार म्हणून. रोज एकेकच रात्र लिहायला लावायच्या. बरं झालं आलात.

तिच्या बिचारीच्या मनात काही नव्हतं. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाऊ बॅग हातात धरून उभा.  मग गाडीकडे चालू लागला. सिग्नलला थांबलो की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा, बाबा टेबलावर वाजवायचे तशी.

फलाटावर बाकाशेजारी बॅग टेकवून तो म्हणाला, एवढी जड का आहे?

मग मी सांगितलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? बाबांची सायकल, धर्मशाळा, सोय झाली आहे म्हणायची रीत, जवळचं होस्टेल मुद्दाम शोधलं ते, सगळं. म्हटलं, मला वाटलं तू येशील. बाबा जायचे तसा.

तो खाली बघत ऐकत होता. म्हणाला, "बाबा कुणाचं सामान आणायला जायचे, ताई?"

"सगळ्यांचं."

"आत्याचं?"

मी बॅगेच्या कुलपाशी चाळा करत राहिले.

"आत्याचं सामान आणायला बाबा एकदाही गेले नाहीत. घरच्या माणसाला आणायला कोण जातं? तू फोनवर म्हणालीस, सोय झाली आहे. आई गेल्यापासून तू रागावलेली. मला वाटलं, ताईने आपलं घर परक्यांत काढलं." मग थोडं थांबून म्हणाला, "खोली लावून ठेवली होती. तू बघितलीस ना ती. वाटलं, बघून तरी म्हणशील, इथेच राहते."

कोरी चादर, पायथ्याशी रजई. मी बघितली होती. दारात उभी राहून नीट बघितली होती आणि दुसऱ्याच कुणासाठी समजले होते. मी त्याला हे सांगणार होते, पण गाडी लागली आणि लोकांची धावपळ सुरू झाली. त्याने बॅग उचलली तशी मी म्हटलं, थांब. तिथेच फलाटावर बसून कुलूप काढलं, कपडे बाजूला सारून दोन्ही गराडू काढले आणि त्याच्या हातात दिले. तो बघतच राहिला.

"हे चार दिवस त्या पलंगाखाली होते?"

"हौ."

त्याने ते छातीशी धरले, शर्टाला माती लागली तरी. एका हाताने माझी बॅग डब्यात चढवली, सीटखाली सरकवली. खिडकीशी उभा राहिला.  गाडी सुटली तेव्हा त्याने हात हलवायला उचलला आणि एक गराडू खाली पडला, तो उचलायला वाकला. मला शेवटी त्याची पाठच दिसली. पुढे रतलाम येईपर्यंत मी खिडकीशी बसून होते आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की ती खोली माझीच आहे असं समजले असते तर चार दिवस मिळाले असते.

देवासला पोचले, घर उघडलं, दूध आणलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. एरवी तो बोलतो थोडकं, त्या दिवशी एकदम सुरू झाला. "ताई, हात खाजतायत. भयंकर. साबण लावला, लिंबू चोळलं, काही होत नाही."

मी म्हटलं, अरे गाढवा, गराडू सोलताना हाताला आधी तेल चोळायचं असतं. एवढंही ठाऊक नाही?

"सांगायला तू इथे होतीस की," तो म्हणाला. "चार दिवस होतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मागे वहिनी काहीतरी विचारत होती, कढईचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, जळलेत थोडे, पण चांगले लागतायत. मी म्हटलं, आच मंद ठेव. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते. दिवा लावायचाही राहिला.

आता पुन्हा थंडी पडली आहे. बाजारात गराडू आलेत, मी चार निवडून घेतले, या वेळी जाडजूड. तिकीट काढलं आहे. त्याला फोन केलेला नाही. सोय बघितलेली नाही. स्टेशनवरून थेट त्याच्या दारात जायचं, बॅग आदळायची आणि चहा टाका म्हणायचं. आत्याला हे जन्मभर जमलं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. रात्री जाग येते आणि वाटतं, त्या खोलीतली चादर एव्हाना काढून ठेवली असेल तर? वहिनी दारात क्षणभर थबकली तर? तो गावाला गेलेला असला तर मी त्या पाट्या लावलेल्या झाडांखाली चार गराडू घेऊन कुठे बसू?

तरी जाणार आहे. फाटकावर वॉचमन विचारेल, गेस्ट का. नाही म्हणायचं, एवढं पाठ करून ठेवलंय.